विषय कोरा

१

आखाडा बाळापूरच्या बाजाररस्त्याला, खत-बियाण्याच्या दुकानामागं, संध्या खिल्लारेचं कॉम्प्युटर सेंटर होतं. पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक फोन. मागच्या खोलीत अडगळ आणि पाण्याचा माठ. साल दोन हजार चार. ज्यांची पोरं मस्कतला, दुबईला नाहीतर पुण्याला पोटामागं गेलेली, अशा सगळ्या घरांना मिळून ईमेलचा पत्ता एकच होता, तो सेंटरचा. पोरानं मेल लिहायची आणि विषयाच्या जागी बापाचं नाव टाकायचं. विषय ‘भिवाजी’ असला की संध्या त्याची प्रिंट काढून ठेवायची आणि आठवडी बाजाराला आलेले भिवाजी ती बंडीच्या खिशात घालून घरी न्यायचे.

ही रीत संध्यानं आणि तिच्या धाकट्या भावानं, प्रज्ञेशनं मिळून बसवलेली. स्वतः प्रज्ञेश पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्यानं एक सवलत घेतली. त्याच्या मेलचा विषय कोरा असायचा. आपल्याच घरात शिरताना नाव कशाला सांगायचं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळं विषय कोरा दिसला की ती मेल खिल्लाऱ्यांच्या घरची, हे ठरून गेलं.

पत्ता असा चारचौघांत फिरला की त्याच्यावर कचरा येऊन पडणारच. सकाळी सेंटर उघडावं तर शे-दोनशे मेल ताटकळत बसलेल्या. भिवाजींच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं, आणि त्यांना वजन उतरवायच्या गोळ्या विकायला जगभरची माणसं टपलेली. फोनच्या तारेवरून तेवढं सगळं उतरवायचं म्हणजे दुपार व्हायची. म्हणून संध्या आधी नुसते हेडर उतरवून घ्यायची.

हेडर म्हणजे मेलच्या डोक्यावरचा ओळींचा गठ्ठा, वाचणाऱ्याला सहसा न दिसणारा. मेल कुठल्या मशीनवरून निघाली, किती वाजता निघाली, वाटेत कुठल्या सर्व्हरवर तिचा मुक्काम पडला, ते सगळं त्यात असतं. प्रत्येक मुक्काम आपला शिक्का आधीच्या शिक्क्यांच्या वर मारतो, म्हणून वाट वाचायची ती खालून वर. हे तिला प्रज्ञेशनंच फोनवरून शिकवलं होतं. ‘‘मजकूर कुणीबी गोड लिहितं, संधे,’’ तो म्हणायचा. ‘‘तू तो वाचूच नको. आली कुठून ते बघ.’’ मग हेडर बघून ती नियम लिहायची, आणि नियमात बसलेला कचरा प्रोग्रॅम तिकडच्या तिकडं सर्व्हरवरूनच काढून टाकायचा.

प्रज्ञेशचे हेडर मात्र ती डोळे झाकून ओळखायची. त्याच्या मशीनला त्यानं आईचं नाव दिलं होतं, ‘sojra’. मशीन प्रत्येक मेलला लांबलचक नंबर देतं आणि त्याच्या शेपटाला आपलं नाव लावतं, तिथं ते दिसायचं. शिवाय कंपनीची बस चुकू नये म्हणून त्यानं मशीनचंही घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवलेलं. त्यामुळं त्याची मेल निघायच्या आधीच बाळापूरला पोचलेली असायची, आणि त्यावरून संध्या त्याला मनसोक्त चिडवायची.

२

त्या मार्चमध्ये पुण्याजवळच्या हमरस्त्यावर एका ट्रकनं प्रज्ञेशच्या मोटरसायकलला मागून धडक दिली. तो जागीच गेला. त्याच्या खोलीवरचा मित्र रविंद्र ॲम्ब्युलन्समध्ये बसून त्याला गावी घेऊन आला.

सोजराबाईंनी लेकाचं तोंड पाहिलं, हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून कुणी म्हणेल की त्या माउलीला खरं पटलंच नसेल. तिला पटलं होतं. नवरा, ग्यानोबा गुरुजी, जन्मभर शाळेत शिकवत आले आणि भूतखेत, करणी, अंगारा असलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. माणूस गेला की गेला. ते स्वतः गेले तेव्हाही घरात बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, आणि तिघं आपापल्या कामाला लागली. प्रज्ञेशचंही सगळं तसंच नीट पार पडलं. फक्त कामाला लागणं तेवढं जमेना.

सोजराबाई जेवायच्या थांबल्या. हट्ट नव्हता, रडणं नव्हतं. घास हातात घ्यायच्या आणि विसरून जायच्या. घरात आता दोघीच. आई गेली तर ‘जेवलीस का’ म्हणून विचारणारं संध्याला जगात कुणी उरणार नव्हतं. ती लहान लेकराला भरवावं तसं आईला भरवत राहिली. पावसाळ्यापर्यंत सोजराबाई अर्धी भाकरी खायला लागल्या, मग दुपारचा डबा घेऊन सेंटरवर येऊन बसायला लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या पोराबाळांचं विचारायच्या, आणि ते ऐकून संध्याला जरा हायसं वाटायचं.

मध्यंतरी रविंद्र प्रज्ञेशचा कॉम्प्युटर दोन खोक्यांत बांधून पोचवून गेला. आतला वीजपुरवठ्याचा भाग जळालाय, चालणार नाही, म्हणाला. खोकी मागच्या खोलीत गेली. ती उघडायचं संध्याला धाडस झालं नाही.

जुलैत एका दुपारी यादीत एक मेल आली. पाठवणारा प्रज्ञेश खिल्लारे. विषय कोरा.

संध्यानं खुर्ची पुढं ओढली. उघडून पाहिलं तर आत गोळ्यांची जाहिरात होती. तेव्हा असले व्हायरस फार फिरत होते. एखाद्याच्या पत्त्यांच्या वहीत शिरायचे आणि त्यातल्याच कुणाच्या तरी नावानं सगळीकडं मेल पाठवायचे. हेडर वाचला तर मशीन कुठलंतरी परदेशातलं. तिनं ती मेल काढून टाकली. तेवढ्यात पाठीमागं आई उभी असल्याचं तिला कळलं. सोजराबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण लेकाच्या नावाची ती अक्षरं त्यांनी त्याच्या कॉलेजच्या बॅगेवर वर्षानुवर्षं पाहिलेली.

‘‘हे आपल्या प्रज्ञेशचं नाव हाय न्हवं?’’ त्यांनी विचारलं.

संध्यानं सगळं समजावून सांगितलं, आणि त्यांनी मानही हलवली. पण त्या दिवशीचा डबा तसाच परत गेला.

३

मग असल्या मेल रोजच यायला लागल्या. संध्यानं एक दुपार बसून नियम लिहिला. नियम सोपा होता. नाव प्रज्ञेशचं, विषय कोरा, आणि मेलच्या नंबराच्या शेपटाला ‘sojra’ नाही, तर काढून टाकायची. भावानं शिकवलेली विद्या भावाच्याच नावावर चालवावी लागतेय, म्हणून तिला रडू फुटलं. पण तिनं नियम चालवला आणि यादी धुतल्या तांदळासारखी स्वच्छ झाली.

आठ-दहा दिवस बरे गेले. सोजराबाई पुन्हा जेवायला लागल्या, भिवाजींशी बोलताना एकदा हसल्यासुद्धा. त्यानंतर एका दुपारी, लाइट गेलेली असताना, बॅटरीवर चाललेल्या कॉम्प्युटरवर यादी उतरली आणि नियमातून सुटलेली एक मेल तिच्यात दिसली.

विषय कोरा. आत मजकूर काहीच नाही.

तिनं हेडर उघडला. नंबराच्या शेपटाला ‘sojra’. खालून वर वाट वाचली. पहिला शिक्का पुण्याचा. तारीख आजची. वेळ पाहिली आणि मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मेल निघायला अजून दहा मिनिटं अवकाश होता.

४

संध्या ग्यानोबा गुरुजींची लेक होती. ती घाबरली, पण आधी विचार करायला बसली. व्हायरसनं जुनी मेल उचलून तारीख बदलली असेल. कुणी मुद्दाम चेष्टा करत असेल. तिनं रविंद्रला फोन लावला. तो म्हणाला की प्रज्ञेशचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता आणि मशीन तर तुझ्याकडंच आहे. ती मागच्या खोलीत जाऊन आली. खोकी सुतळीनं बांधलेली, वर धूळ. धुळीवर कुणाचं बोटही नव्हतं.

दोन-चार दिवसांनी दुसरी आली, तशीच कोरी. तिची वाट मात्र पुण्यापासून सुरू होत नव्हती. सर्व्हरच्या नावात गाव असतं, आणि खालचं गाव आता नगर होतं. पुढच्या मेलला ते बीड झालं, त्याच्या पुढच्या मेलला परभणी.

परभणीचा शिक्का वाचताना तिला काहीतरी आठवायला लागलं, पण हाताला लागेना. चार दिवसांनी वसमत आलं. वसमतला तेव्हा असला सर्व्हर असणंच शक्य नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पुन्हा रविंद्रला फोन केला आणि एवढंच विचारलं, की प्रज्ञेशला आणताना गाडी कुठल्या रस्त्यानं आली होती.

रविंद्रनं आठवून सांगितलं. ड्रायव्हर थकलेला, म्हणून गाडी थांबत थांबत आली. नगरला चहाला, बीडला डिझेलला, मग परभणीला. वसमतला रविंद्रलाच उलटी झाली म्हणून. त्यानंतर थेट घर.

संध्यानं फोन ठेवला. आई कुठं दिसत नव्हती. तिनं हाक मारली तर उत्तर मागच्या खोलीतून आलं.

५

सोजराबाईंनी खोकी सोडली होती. टेबल झाडून त्यावर मॉनिटर ठेवला होता, कीबोर्ड ठेवला होता, पदरानं सगळं लख्ख पुसलं होतं. एकही वायर कशाला जोडलेली नव्हती. टेबलापुढं सेंटरची जुनी, गादीची खुर्ची ओढलेली, आणि सोजराबाई स्वतः खाली सतरंजीवर बसलेल्या.

‘‘खुर्चीवर बस की, आई,’’ संध्या म्हणाली.

सोजराबाईंनी नुसती मान हलवली. खुर्ची रिकामी नव्हती, असं काहीतरी त्या मानेत होतं.

त्या दिवसापासून त्या खोलीतून उठेनात. सकाळी संध्याच्या आधी येऊन बसायच्या. डबा उघडायच्या, भाकरीचा पहिला तुकडा टेबलाच्या कडेला ठेवायच्या आणि स्वतः खायचं विसरायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. गावातल्या डॉक्टर किसनरावांनी तपासलं. रोग काही नाही, म्हणाले, पण असंच उपाशी राहिल्या तर महिनाभरसुद्धा काढायच्या नाहीत. संध्यानं त्यांना घरी बसवून बाहेरून कडी लावली, तर शेजारणीकडून कडी काढवून घेऊन त्या पायी सेंटरवर आल्या.

आणि पुढच्या खोलीत काम करताना संध्याला आवाज यायला लागला. बटणांचा. थांबून थांबून, दोन बोटांनी टाइप करणाऱ्या माणसाचा. प्रज्ञेश एवढा शिकला तरी दोनच बोटांनी टाइप करायचा. संध्या उठून दारात गेली की आवाज बंद. आईचे दोन्ही हात मांडीवर असायचे. उंदीर असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि पिंजराही आणून लावला. त्यात काही सापडलं नाही.

‘‘आई, आपण असलं मानत नाही,’’ एकदा ती काकुळतीला येऊन म्हणाली.

‘‘मी कुठं मानून राहिले?’’ सोजराबाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘मी नुसती बसून राहिले. तो बोलत न्हाई काही. दमून आलाय.’’

‘‘काहून आलाय?’’

सोजराबाईंनी लेकीकडं पाहिलं. इतक्या मायेनं त्यांनी तिच्याकडं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ‘‘न्यायला आलाय, बाई. एवढ्या लांबून आलंय लेकरू. रिकामं परत कसं धाडावं?’’

संध्या पुढच्या खोलीत येऊन बसली. यादीत नवी मेल होती. तिच्या हेडरमध्ये शिक्का एकच. निघाली ‘sojra’वरून, पोचली सेंटरच्या मशीनवर, मधे मुक्काम नाही. आणि जिथं सेंटरचा पत्ता असायला हवा, तिथं पत्ता नव्हताच. तीन अक्षरं होती. ‘aai’.

असल्या पत्त्यावर जगातली कुठलीच मेल पोचत नाही.

६

दुसऱ्या दिवशी सोजराबाईंनी पाणीसुद्धा नाकारलं. भिंतीला टेकून त्या डोळे मिटून बसल्या. संध्यानं त्यांचा हात हातात घेतला तर तो गार होता, आणि तोंडावर प्रवासाला निघालेल्या माणसाचं समाधान होतं. संध्याला कळून चुकलं की आता उशीर करून चालणार नाही.

ती रिकाम्या खुर्चीकडं वळली. असं बोलणं तिच्या बापानं तिला शिकवलं नव्हतं, तरी ती बोलली.

‘‘प्रज्ञेश, तिला नको नेऊस रे. मला ती एकलीच उरलीय.’’

ती पुढच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरपुढं बसली तसा आत बटणांचा आवाज सुरू झाला.

तिला एकच काम येत होतं, तेच तिनं केलं. नवा नियम उघडला. आजवरचे सगळे नियम खोट्याला काढायचे होते. हा खऱ्याला काढायचा होता. वाट वाचू नये, नाव बघू नये, वेळ बघू नये. शेपटाला ‘sojra’ असेल तर काढून टाकावी, विचारू नये. आईचं नाव एकेक अक्षर टाइप करत ती भावाला घराबाहेर काढत होती. डोळ्यांतलं पाणी कीबोर्डवर पडत होतं आणि ती पुसत नव्हती. आतला आवाज भराभर वाढला. तो कधीच इतक्या घाईनं टाइप करत नसे. तिनं फोनची लाइन जोडली, मोडेम किरकिरलं, आणि तिनं नियम चालवला.

आतला आवाज तुटला.

ती उठून दारात गेली. दुपारचं ऊन खिडकीतून थेट खुर्चीवर पडलं होतं. गादीच्या मधोमध खळगा होता, माणूस बसल्यावर पडतो तेवढा. तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून आला. पाठ टेकायची जागाही जराशी हलली आणि थांबली. विझलेल्या मॉनिटरच्या काचेत खोली दिसत होती, खिडकी दिसत होती, भिंतीला टेकलेली आई दिसत होती. आणखी एक काहीतरी काचेच्या कडेनं दाराकडं सरकलं, म्हणजे संध्याकडंच. चेहरा होता की नाही, ते तिला कधीच सांगता आलं नाही. तिनं डोळे मिटले. बाजूनं कुणी अंग चोरून गेल्यासारखं तिला वाटलं.

डोळे उघडले तेव्हा सोजराबाई जाग्या होत्या.

‘‘गेला,’’ त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, ‘‘तू घालवलंस?’’

माठातलं पाणी आणून संध्यानं आईच्या तोंडाला लावलं. सोजराबाई प्यायल्या, आणि पिता पिता हमसून हमसून रडायला लागल्या. मार्चपासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या.

७

सोजराबाई वाचल्या. दसऱ्यापर्यंत त्या दोन वेळ जेवायला लागल्या. संध्यानं तो कॉम्प्युटर हिंगोलीच्या एका दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला आणि मागच्या खोलीतही टेबलं मांडली. तिथं आता शिकवणीची पोरं बसायची, आवाज व्हायचा तो त्यांचाच.

मेल थांबल्या नव्हत्या. हे संध्यानं कुणाला सांगितलं नाही. काढून टाकायच्या मेलची यादी प्रोग्रॅम आधी दाखवतो आणि मग बटण दाबायला सांगतो. त्या यादीत, गोळ्यांच्या आणि लॉटरीच्या कचऱ्यात, प्रज्ञेशच्या नावाची एक ओळ रोज दुपारी असायची. विषय कोरा. पत्त्याच्या जागी ‘aai’. ती रोज कचऱ्याबरोबर ती ओळही काढायची. कितीही नाही म्हटलं तरी काळजाला घरं पडायचीच, पण घरी गेल्यावर आईनं भाकरी थापलेली असायची, आणि ती समोर बसून खाताना संध्याला वाटायचं की आपण केलं ते बरोबर केलं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी सोजराबाई बाजार करून पिशवी घेऊन सेंटरवर आल्या. दोघी मिळून घरी जायचं ठरलं होतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पोरं गेलेली होती, आणि मग अगदी हळू विचारलं.

‘‘संधे, आजूक येतो का गं तो?’’

‘‘न्हाई, आई.’’

सोजराबाईंनी सुस्कारा सोडला. ‘‘बरं झालं. किती हिंडावं लेकरानं.’’ पदरानं डोळे टिपून त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

संध्या दिवसाचं शेवटचं काम उरकायला बसली. यादी उतरली. प्रज्ञेशची ओळ तिथंच होती, पण आज ती आईच्या नावानं नव्हती. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, ‘tai’.

तो तिला कधीच ताई म्हणायचा नाही. दिवसभर संधे, संधे करायचा. फक्त लहानपणी, रात्री लाइट गेली आणि अंगणात एकटं जायची भीती वाटली, की अंथरुणातून हळूच हाक यायची, ताई. मग ती उठायची, त्याचा हात धरून त्याला बाहेर न्यायची, आणि तो परत अंथरुणावर पडेपर्यंत हात सोडायची नाही.

तिचा हात माउसवर तसाच राहिला. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

‘‘येतीस ना गं?’’ बाहेरून आईनं विचारलं.

‘‘आले,’’ संध्या म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.